नमुना क्रमांक चार

११ फेब्रुवारी

आज मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

परवा माझ्या हातून दोन नळ्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली. एका आजोबांची वाढलेली साखर दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेली आणि त्याला डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. नशीब, त्याची बायको खमकी निघाली. ‘यांची साखर इतकी कधीच नसते’ म्हणून तिने वाढीव गोळी दिलीच नाही, रिपोर्ट घेऊन तडक लॅबमध्ये आली.

“आणि दिली असती तर?” मॅडम एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काय सांगणार? लेबलं लावताना डोळे उघडे होते, हात चालत होते, पण मी तिथे नव्हते. हल्ली असं होतं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते आणि वास आला की आठवतं. रक्त घेताना पेशंट नाव सांगतो आणि ते कानाच्या बाहेरच घुटमळतं.

“लक्षात राहत नसेल तर लिहून ठेवत जा,” मॅडम म्हणाल्या. त्या कामाबद्दल बोलत असणार. येताना ही वही घेतली. कामाचं काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून हे लिहिते.

बेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण माझं बहुतेक लवकर आलंय.

१३ फेब्रुवारी

लॅब पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. मध्ये बावीस पायऱ्या. बाराव्या पायरीवर मी फोन काढते आणि कुणाचा तरी मेसेज आल्यासारखी बघत उभी राहते. आज चष्मेवाले खालून म्हणाले, “ताई, रोज याच पायरीवर बरा फोन येतो तुम्हाला!” मी हसले, पण धाप लागलेली असल्यामुळे हसणं अर्धंच बाहेर आलं.

वजन वाढलंय, दुसरं काय. उद्यापासून संध्याकाळचं जेवण बंद. नुसता चहा घेईन.

घरी आले तर भिंगरी पलंगावर आडवी. माझी लेक, सोळा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. शाळेच्या धावण्याच्या संघात होती, गेल्या वर्षी सोडलं. सर म्हणाले, हिचं मन लागत नाही. आता शाळेतून आली की दप्तर दारात आणि ही पलंगावर.

“उठ. दिवेलागणीची वेळ झाली, लोळतेस काय?”

“आई, खरंच दमलेय गं.”

“कशानं? दगड फोडायला गेली होतीस?”

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. माझं डोकं भणभणलं. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे काढला आणि ओट्याशी उभी राहून सगळा कडाकडा चावून खाल्ला. हे एक खूळच लागलंय मला. नवरा म्हणतो, एक दिवस शेजारी तक्रार घेऊन येतील, तुमच्याकडे खडी फोडतात का म्हणून.

१९ फेब्रुवारी

रक्तपेशी मोजायचं नवं मशीन आलं. जुन्याने महिन्याभरापूर्वीच मान टाकली होती. कंपनीचा माणूस आला होता, टाय लावलेला, मशीनशी तान्ह्या बाळासारखं बोलणारा. त्याला तपासणीसाठी पाच धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. मॅडम, काउंटरवरचे काका, सुईताई, मी आणि तो स्वतः असे पाच जण झाले. सुईताई म्हणजे माझी जोडीदारीण. तिने टोचलेलं लहान मुलालाही कळत नाही, म्हणून ते नाव. तिने आम्हा चौघांचं रक्त काढलं, तिचं मी काढलं आणि नळ्यांवर एक ते पाच आकडे चिकटवले. माझा चौथा.

एक, दोन, तीन व्यवस्थित आले. चौथ्याला मशीन किंचाळलं. पडद्यावर लाल अक्षरं. हिमोग्लोबिन ६.१.

“बिघडलेलंच आणलंत की हो,” मी म्हणाले.

तो बिचारा घामाघूम. पुन्हा लावलं, ६.०. मग त्याने कंपनीचं ठरावीक रक्त लावून पाहिलं, ज्याचे आकडे आधीच माहीत असतात. ते तंतोतंत जुळले. “मशीन बरोबर आहे, ताई. ही नळी कुणाची आहे? त्यांना लगेच कळवायला हवं.”

“सकाळच्या एखाद्या पेशंटची मिसळली असेल,” मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं, पण दुसरं काय असणार? सहाची बाई खाटेवर असते. असे रिपोर्ट मी नेहमी देते, मला ठाऊक आहे. मी तर पहाटे उठून तिघांचे डबे भरून, जिना चढून, पस्तीस जणांचं रक्त काढून उभी होते.

मॅडमनी त्या नळीतल्या थेंबाची काच बनवली आणि मायक्रोस्कोपखाली बराच वेळ पाहिली. “ये, बघ.” मी वाकून पाहिलं. तांबड्या पेशी कशा बटणांसारख्या भरीव दिसतात. इथे नुसती रिंगणं होती, कडा तेवढ्या फिक्या लाल आणि आत काही नाही. लहान, वेड्यावाकड्या. कोण बिचारी असेल, असं मनात आलं.

“ही बाई चालत आली?” मॅडमनी विचारलं.

“हो, जिना चढून.”

“म्हणजे पुन्हा अदलाबदल,” त्या हळूच म्हणाल्या आणि केबिनमध्ये गेल्या. या वेळी दारही लावलं नाही.

२० फेब्रुवारी

काल सकाळच्या पस्तीस जणांत सात बायका होत्या; इतकं कमी रक्त बाईचंच असणार, असं आम्ही धरलं. सातही जणींना फोन केले, परत या म्हणून. एक शिक्षिका वर्ग सोडून आली. एक म्हणाली, “अहो, मी आत्ता पोहून आलेय, मला कसली धाड भरलीय?” एकजण नवऱ्याला घेऊन रडतच जिना चढली. तिचं निघालं १३.२. नवरा मला म्हणाला, “बाई, तुमच्या एका फोनने आमच्या घरात सुतक आलं होतं.” मी हात जोडले.

सातही ठणठणीत. मग ते सहा कुणाचं?

अठरा वर्षांत मिळवलेलं नाव दहा दिवसांत धुळीला मिळालं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय.

२१ फेब्रुवारी

सुईताईने माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. “काल रात्रभर मी विचार करतेय. ते रक्त मी तुझ्या हातातून काढलं आणि नळी तुलाच दिली. मध्ये तिसरा हात लागलेला नाही. बाही वर कर.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तिने नळीवर पेनाने माझं पूर्ण नाव लिहिलं. नळी मी मुठीत धरून मशीनपर्यंत नेली. चार पावलं.

६.०.

सुईताईने माझी खालची पापणी बोटाने ओढली आणि तिचा हात तसाच राहिला. “पांढरी फटक. अगं, रोज माझ्यासमोर बसून डबा खातेस. मला कसं दिसलं नाही?”

पुढे लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

मॅडमनी स्वतः फेरिटिन लावलं. शरीरात लोहाचा साठा किती आहे ते त्यावरून कळतं. पन्नासच्या आसपास असेल तरी चालतं. माझं तीन.

“कधीपासून दमतेस?” त्यांनी विचारलं.

मला सांगताच येईना. दमणं हे कधीपासून असतं का? ते असतंच. सकाळी उठल्यापासून असतं.

“बर्फ खातेस?”

मी दचकले. “माझ्या नवऱ्याने फोन केला होता का तुम्हाला?”

त्यांना हसू आलं नाही. अंगातलं लोह संपलं की माणसाला भलतंसलतं खावंसं वाटतं, म्हणाल्या. बर्फ, खडू, माती. मी इतकी वर्षं रक्तात काम करते आणि मला हे माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“पाळी?”

“नेहमीसारखी.”

“नेहमीसारखी म्हणजे कशी ते सांग.”

“आठ-नऊ दिवस. मधले तीन दिवस दर तासाला बदलावं लागतं. चादरीखाली प्लास्टिक घालून झोपते, एवढंच.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “एवढंच,” त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मी त्या दिवशी दार लावून तुला बोलले. रोज आठ तास तू माझ्यासमोर असतेस. डॉक्टर मी आहे ना?”

राजीनामा पर्समध्येच होता. तो तसाच घरी आणला.

२४ फेब्रुवारी

बायकांच्या डॉक्टरकडे गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात लिंबाएवढी गाठ दिसली. घाबरण्यासारखी नाही, पण रक्त तीच पळवतेय, असं त्या म्हणाल्या. आधी लोह भरून काढायचं, मग गाठ काढायची.

“इतक्या वर्षांत कुणाला दाखवलं का नाही?”

“सगळ्यांनाच असतं ना असं.”

“सगळ्यांना म्हणजे? कुणाकुणाला विचारलंत?”

मी मोजायला लागले आणि मोजणं एकावरच थांबलं. “माझ्या आईला होतं.”

“आई कशा आहेत?”

“गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. हृदय थकलं म्हणाले.”

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर दिवसभर सोडत नाहीये.

२६ फेब्रुवारी

आज शिरेतून लोह दिलं. काळ्या चहाच्या रंगाचं पाणी, थेंब थेंब. इतकी वर्षं मी लोकांच्या शिरेतून काढते, आज माझ्या शिरेत कुणीतरी घातलं.

नवरा शेजारी स्टुलावर बसून होता. छापखान्यातून अर्धी सुट्टी काढून आलेला, बोटांना शाई तशीच. मग म्हणाला, “एक विचारू?”

“विचार की.”

“दोन वर्षं झाली, तू जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून झोपतेस. मला वाटायचं, मी नकोसा झालोय.”

दोन वर्षं! एका पलंगावर झोपून हा माणूस मनात एवढं घेऊन बसला होता आणि मला पत्ता नाही.

“वेडा आहेस का रे? मला उशी सरकवायचं त्राण नसायचं.”

“मग सांगायचंस ना.”

“मलाच कुठे माहीत होतं?”

त्याने माझा मोकळा हात धरला. नर्स आली तरी सोडला नाही. तिने बाटली बदलली आणि हसून निघून गेली.

४ मार्च

मॅडम म्हणाल्या होत्या, लेकीचंही रक्त घेऊन ये. आज भिंगरीला नेलं. हिमोग्लोबिन १२.१. माझा जीव भांड्यात पडला. “बघा, नॉर्मल आहे,” मी म्हणाले. गेल्या ऑगस्टमध्येही मीच तपासलं होतं, तेव्हाही १२.२ होतं.

“साठा बघ,” मॅडम म्हणाल्या.

फेरिटिन पाच.

मला वाटलं पुन्हा काहीतरी घोळ झाला. मॅडमनी समजावलं. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानाच्या फळीवर मांडलेला माल, फेरिटिन म्हणजे मागची कोठी. हिची फळी भरलेली दिसतेय, कोठीत मात्र खडखडाट. रक्ताला कसंबसं पुरतंय, स्नायूंना आणि डोक्याला उरत नाही. अशी मुलगी नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन दमते, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

कुणी म्हणजे मीच. ऑगस्टमधली ती संध्याकाळ मला चांगली आठवते. रिपोर्टचा कागद मी तिच्या पलंगावर टाकला होता आणि म्हणाले होते, “नॉर्मल आहे सगळं. आता ही नाटकं बंद.” त्याच आठवड्यात तिने धावणं सोडलं.

आणि अशा किती जणींच्या हातात मी ते कागद दिले असतील!

मला वाटलं, खरं कारण कळल्यावर ती खूश होईल. घरी आल्यावर तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

“मी तुला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो गं राणी, पण तेव्हा रिपोर्ट...”

“सरांना सांगितलं पाय जड होतात, तर ते म्हणाले आईला सांग. मी तुला सांगितलं. किती वेळा सांगितलं, आई! तू कागदावर विश्वास ठेवलास.” आणि आत जाऊन दार आपटलं.

मी दाराबाहेर उभी राहिले. हाक मारायला तोंड नव्हतं.

७ मार्च

रविवार. दुपारी बाबांना फोन केला. ते एकटेच राहतात, जुन्या घरी. वय अठ्ठ्याहत्तर. माझं आजारपण सांगितलं, भिंगरीचं सांगितलं. ते ‘हं, हं’ करत होते. मग मी विचारलं, “बाबा, आई बर्फ खायची का हो?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बर्फ नाही,” बाबा म्हणाले. “माती.”

मी पलंगावर बसले.

“कुंडीतली. मी एकदा पाहिलं. बोटांनी उकरून खात होती, चोरासारखी. मग मी सगळ्या कुंड्या गच्चीत नेल्या आणि गच्चीला कुलूप घातलं. तुम्हा पोरांना कळू नये म्हणून. लोकांत छी-थू झाली असती.”

त्या कुलपाचं आम्हाला ‘पतंगाच्या नादात पडाल’ असं कारण सांगितलं होतं. आम्ही वर्षभर गच्चीसाठी रडलो होतो.

“मग तिला डॉक्टरकडे नाही नेलं?”

“कशाला नेणार? मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. दिवसा झोपायची, विसरायची, माती खायची. वेड काय रक्तात दिसतं होय? घरातच सांभाळली शेवटपर्यंत. तुझ्या आत्यालाही बोललो नाही.”

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ‘मैत्रिणींच्या आया बघ आणि तू बघ, सारखी लोळत असतेस’ असं मीही तिला म्हणाले होते. ती कशीबशी उठून बसली होती.

“बाबा, ते वेड नसावं. तिच्या अंगात लोह उरलं नसेल. माझ्यासारखंच.”

“नसेल म्हणजे? नक्की सांग.”

“आता नक्की कोण सांगणार? तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. पण माती खाणं, झोपणं, विसरणं, सगळं त्याच्याशी जुळतं.”



“म्हणजे ती वेडी नव्हती?”

“नाही बाबा.”

“तिला वाटत होतं की आपल्याला वेड लागलंय,” बाबा म्हणाले. “मीच सांगितलं होतं तिला तसं.”

फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही. भिंगरी कधी दारात येऊन उभी राहिली तेही कळलं नाही. तिने सगळं ऐकलं असावं. ती आली आणि माझ्याशेजारी बसली, थोडं अंतर ठेवून. पण बसली.

१७ एप्रिल

मधे वही हाती घेतलीच नाही.

हिमोग्लोबिन १०.८. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. लॅबमध्ये मॅडमनी एक नवा नियम केला. दमणूक म्हणून कुणीही बाई किंवा मुलगी आली की हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला तिच्या डॉक्टरांना सुचवायचं, आणि ‘नॉर्मल’ हा शब्द काउंटरवरून कुणी उच्चारायचा नाही. काका दोनदा विसरले, सुईताईने दोन्ही वेळा त्यांना टोचायची धमकी दिली.

भिंगरीच्या गोळ्या एक दिवसाआड चालू आहेत, लिंबाच्या पाण्याबरोबर. गोळीनंतर दोन तास चहा नाही, यावर रोज भांडण. साठा भरायला अजून महिने लागतील. माझ्याशी बोलते आता, जेवढ्यास तेवढं.

बाबा दहा दिवसांसाठी आलेत. त्या फोननंतर एकदम खचलेत. आईबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, मीही काढला नाही.

आज सकाळी भिंगरी आपण होऊन म्हणाली, मैदानावर जाऊन बघते. बाबाही निघाले. मी त्यांना सिमेंटच्या बाकावर बसवलं. ती एक फेरी छान पळाली. केस मागे उडत होते, मला तिची सातवीतली आठवण आली. दुसऱ्या फेरीला वळणावर पाय रेंगाळले. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, मग चालत आमच्याकडे आली. सर शिट्टी वाजवून बोलावत होते, तिने हाताने नाही म्हटलं.

“दमले,” ती म्हणाली. मला नव्हे, बाबांना.

बाबांच्या घरात दिवसा कुणी टेकलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला की आम्ही सगळे, आईसुद्धा, उगाच उठून उभे राहायचो. आज ते काठीच्या आधाराने बाकाच्या पार टोकाला सरकले आणि मांडीवर थोपटून म्हणाले, “ये, पड इथे. हवा तेवढा वेळ पड. मी आहे ना, तुला कुणी काही म्हणणार नाही.”

ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. सरांनी लांबून पुन्हा शिट्टी मारली, तेव्हा बाबांनी काठी उगारून त्यांना गप्प केलं. मग मान फिरवली आणि मैदानाकडे बघत, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. उन्हं वर येईपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही.